कॅव्हेट म्हणजे काय? अर्थ, वापर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'कॅव्हेट' या शब्दाचा मूळ अर्थ काय?

लॅटिन भाषेत 'कावेरे' म्हणजे सावध राहणे. 'कॅव्हेट' हे त्याच क्रियापदाचे रूप, आणि ते मराठीतल्या विध्यर्थाशी तंतोतंत जुळते: 'त्याने सावध राहावे.' म्हणजे हा शब्द मुळात नाम नाहीच, ते एक अख्खे वाक्य आहे. इंग्लंडच्या धर्मन्यायालयांत मृत्युपत्राची प्रकरणे चालत. तिथे 'अमक्याला कळवल्याशिवाय पुढे जाऊ नये' असा इशारा नोंदवला जाई, आणि पुढे त्या कागदालाच कॅव्हेट म्हणू लागले.

भारतातल्या दिवाणी न्यायालयात आज त्याचा अर्थ असा: 'माझ्याविरुद्ध एखादा अर्ज आला, तर मला नोटीस दिल्याशिवाय आणि माझे ऐकून घेतल्याशिवाय त्यावर हुकूम करू नका,' ही न्यायालयाकडे आगाऊ केलेली नोंद. कॅव्हेटचे काम एवढेच. ऐकले जाण्याचा हक्क त्यातून राखला जातो, बाकी काही मिळत नाही. पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे याच एका वाक्यातून निघतात.

मराठीत हा शब्द कसा लिहावा, कसा वापरावा?

इंग्रजी उच्चार 'कॅव्हिअ‍ॅट'च्या जवळचा आहे, पण कोर्टाच्या आवारात 'कॅव्हेट'च रुळला आहे. केव्हेट, कॅव्हिएट, केव्हियट ही रूपेही कागदोपत्री दिसतात, त्यांत चूक काही नाही. 'सावधानपत्र' हा प्रतिशब्द अर्थाला नेमका बसतो, मात्र फाइलिंगच्या खिडकीवर तो म्हटलात तर समजावून सांगावे लागेल. शब्द नपुंसकलिंगी चालतो: कॅव्हेट दाखल केले, कॅव्हेट संपले. बोलताना 'कॅव्हेट टाकले' म्हणतात. दाखल करणारा तो कॅव्हेटर, आणि ज्याच्याकडून अर्ज येण्याची शक्यता आहे तो सामनेवाला.

इंग्रजी लेखांत 'कॅव्हेट' दिसतो, तो हाच का?

शब्द तोच, अर्थ सैल झालेला. रोजच्या इंग्रजीत एखादे विधान करून त्याला पुस्ती जोडतात, त्या पुस्तीला कॅव्हेट म्हणतात. मराठीत तिथे 'मात्र', 'एवढे लक्षात ठेवून' किंवा 'एक अट आहे' हे शब्द चपखल बसतात. 'कॅव्हेट एम्प्टर' हे तिसरे: 'खरेदीदाराने सावध राहावे.' मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मागे हे तत्त्व आहे. वस्तू आपल्या कामाला योग्य आहे की नाही हे पाहणे खरेदीदाराचे काम, असा मूळ नियम आणि त्याला त्याच कलमात अपवाद. कोर्टात दाखल करायच्या कॅव्हेटशी त्याचा संबंध फक्त व्युत्पत्तीपुरता.

भारतात कॅव्हेटची तरतूद कुठे आहे?

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १४८-अ मध्ये. हे कलम १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने आले आणि १ फेब्रुवारी १९७७ पासून लागू झाले. त्यात पाच पोटकलमे आहेत आणि प्रत्येकाला एकेक काम वाटून दिले आहे. पहिले: कॅव्हेट कोण दाखल करू शकतो. दुसरे: कॅव्हेटरने सामनेवाल्याला रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह नोटीस पाठवायची. तिसरे: अर्ज आल्यावर न्यायालयाने कॅव्हेटरला नोटीस द्यायची. चौथे: सामनेवाल्याने अर्जाची आणि सोबतच्या कागदांची प्रत कॅव्हेटरला विनाविलंब द्यायची, खर्च कॅव्हेटरचा. पाचवे: ९० दिवसांची मुदत.

न्यायालय तसेही दोन्ही बाजू ऐकतेच ना? मग कॅव्हेट कशाला?

अंतिम निकालाआधी ऐकते. अडचण अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या, हुकमाची असते. तूर्तातूर्त मनाईच्या, म्हणजे एखादी गोष्ट तात्पुरती थांबवण्याच्या, अर्जावर आधी नोटीस काढावी, असाच त्याच संहितेच्या आदेश ३९, नियम ३ चा मूळ नियम आहे. पण नोटीस देण्याच्या उशिराने मनाईचा हेतूच फसणार असेल, तर न्यायालय कारणे नोंदवून एकतर्फी हुकूम देऊ शकते. सकाळी दावा दाखल, दुपारी एकतर्फी मनाई, असे घडते ते या अपवादामुळे. त्यानंतर नियम ३-अ प्रमाणे तो अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न न्यायालयाने करायचा असतो, आणि नियम ४ खाली हुकूम उठवण्याचा अर्जही करता येतो. पण तोवर तुमचे बांधकाम थांबलेले असते, किंवा पेरणीची वेळ टळून गेलेली असते. शिवाय झालेला हुकूम उठवायला लावणे हे होण्याआधी हरकत घेण्यापेक्षा कठीण. कॅव्हेट नेमके या सकाळ-दुपारच्या फटीत बसते.

कॅव्हेट म्हणजे स्टे का?

नाही. हा सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. 'जागेवर कॅव्हेट टाकलंय, आता कोणाला काही करता येणार नाही,' असे सांगणाऱ्याने फक्त स्वतःला फसवलेले असते. कॅव्हेटने कोणाचेही बांधकाम, विक्री, ताबा किंवा वहिवाट थांबत नाही. सामनेवाल्याला दावा दाखल करण्यापासूनही ते अडवत नाही. तुम्हाला कोणाला थांबवायचे असेल तर स्वतः दावा आणि मनाईचा अर्ज करायला हवा. कॅव्हेट हे तुमच्याविरुद्ध येऊ घातलेल्या अर्जासाठी आहे, तुम्हाला करायच्या अर्जाऐवजी नाही.

मग कॅव्हेट केव्हा दाखल करावे?

वकिलाची नोटीस आली आहे आणि तिच्यात कोर्टात जाण्याचा इशारा आहे. सहहिस्सेदाराशी वाटपाचा वाद पेटला आहे. संस्थेने एखाद्याला कामावरून कमी केले आहे आणि तो दाद मागणार हे उघड आहे. अशा वेळी.

दावा नुकताच जिंकला असेल तर ही गरज सर्वांत जास्त, आणि तिथेच लोक निर्धास्त होतात. हरलेली बाजू अपील करते आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती मागते. म्हणून कॅव्हेट अपील न्यायालयात हवे. इथे दिवसांचे गणित नीट करा. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस, आणि निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात. म्हणजे उच्च न्यायालयातले अपील निकालानंतर १०५व्या दिवशीही मुदतीत असू शकते. तुमचे कॅव्हेट निकालाच्या दुसऱ्याच दिवशी टाकलेले असेल, तर तोवर ते संपलेले असणार.

कोण दाखल करू शकतो?

त्या अर्जाच्या सुनावणीत हजर राहण्याचा हक्क सांगणारी कोणतीही व्यक्ती. दाव्यात तुम्ही पक्षकार असणार किंवा हुकमाचा थेट परिणाम तुमच्या हक्कावर होणार, एवढे दिसले पाहिजे. वादाशी संबंध नसलेल्या त्रयस्थाला कॅव्हेटचा उपयोग नाही. 'या प्लॉटबाबत कोणीही काहीही अर्ज केला तर मला कळवा,' असे मोघम कॅव्हेटही चालत नाही. सामनेवाल्याचे नाव-पत्ता हवाच, कारण नोटीस त्याच पत्त्यावर जायची असते.

दाखल करण्याची पद्धत काय?

आधी न्यायालय ठरवा. स्थावर मिळकतीचा दावा मिळकत जिथे आहे तिथल्या न्यायालयात येतो. दाव्याचे मूल्यांकन सामनेवाला किती दाखवेल यावर तो कनिष्ठ स्तर न्यायालयात जाईल की वरिष्ठ स्तर, हे ठरते. अंदाज पक्का नसेल तर दोन्हीकडे कॅव्हेट टाकावे. एका न्यायालयातले कॅव्हेट शेजारच्या न्यायालयाला कळत नाही, इमारत एकच असली तरी.

मग सामनेवाल्याला नोटीस पाठवा. नोटिशीसोबत कॅव्हेट अर्जाची प्रत जोडा. सामनेवाले चार असतील तर पाकिटे चार. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टात विलीन केली, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्टासोबत नोंदणीची जोडसेवा आणि पोचीचा पुरावा मागून घ्या. पावती जपून ठेवा. ती जोडली नाही तर कार्यालय हरकत काढते.

न्यायालयात द्यायचे कागद असे: कॅव्हेट अर्ज, प्रतिज्ञापत्र, वकील असल्यास वकीलपत्र, टपालाची पावती, कोर्ट फी स्टॅम्प. वाद एखाद्या हुकमावरून असेल तर त्या हुकमाची प्रत. कागद तपासून झाल्यावर कॅव्हेटला क्रमांक पडतो. तो क्रमांक आणि दिनांक लिहून घ्या, पुढे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

अर्जात नेमके काय लिहावे?

लांबण नको. मजकुराचा गाभा एवढाच असतो:

'सामनेवाले हे मौजे ... येथील गट नंबर ... या मिळकतीबाबत कॅव्हेटरविरुद्ध मनाईचा दावा व त्यात तूर्तातूर्त मनाईचा अर्ज दाखल करण्याची शक्यता आहे. तसा अर्ज दाखल झाल्यास कॅव्हेटर यांना नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय त्यावर कोणताही हुकूम करण्यात येऊ नये, ही विनंती.'

कोण, कोणाविरुद्ध, कोणती मिळकत किंवा कोणता हुकूम, कोणता अर्ज अपेक्षित आहे आणि तुमची विनंती काय, हे पाच मुद्दे आले की पुरे. स्वतःचा बचाव इथे उलगडून मांडू नका. ही प्रत टपालाने सामनेवाल्याच्याच हातात जाणार आहे. त्याने दाव्यात काय लिहावे हे त्याला तुमच्याकडून आयते कळायला नको.

मोबाइल क्रमांक आणि ई-मेल मात्र न विसरता लिहा, तुमचा आणि वकिलांचाही. तातडीच्या अर्जात सकाळी फोन करून दुपारची वेळ कळवली जाते. पत्ता जुना आणि फोन नाही, अशा कॅव्हेटरला वेळेत कळवणार कसे?

कॅव्हेट असूनही एकतर्फी हुकूम झाला. असे कसे होते?

बहुतेक वेळा नाव जुळत नाही म्हणून. नवा दावा आला की कार्यालय कॅव्हेटची नोंद पक्षकारांच्या नावावरून शोधते. तुमच्या कॅव्हेटमध्ये 'दत्तात्रय' आणि दाव्यात 'दत्तात्रेय', किंवा एकीकडे पूर्ण नाव आणि दुसरीकडे आद्याक्षरे, एवढ्यानेही नोंद सुटू शकते. म्हणून सातबारा, करारनामा किंवा आधीच्या नोटिशीत जे नाव आहे तेच जसेच्या तसे लिहा, आणि दुसरे प्रचलित रूप असेल तर 'उर्फ' म्हणून जोडा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कॅव्हेट शोधण्याची सोय आहे. दाखल केल्यावर आठवड्याभरात स्वतः शोधून पाहा. जे तुम्हाला सापडत नाही, ते कारकुनालाही सापडणार नाही.

दुसरे कारण: दावा भलत्याच नावाने आला. कॅव्हेटमध्ये सामनेवाला थोरला भाऊ आणि वादी झाला धाकटा, किंवा पत्नी, किंवा भागीदारी संस्था. ज्याच्या ज्याच्या नावाने अर्ज येऊ शकतो ती सगळी नावे सामनेवाले म्हणून घ्यायला हवीत.

तिसरे कारण मुदतीचे. ते पुढे स्वतंत्र सांगितले आहे.

असा हुकूम आपोआप रद्द ठरतो का?

ठरत नाही. कॅव्हेटरला नोटीस दिली नाही एवढ्याने हुकूम मुळातच शून्यवत होत नाही, असे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँक एम्प्लॉइज असोसिएशनच्या प्रकरणात १९८१ मध्ये म्हटले आहे. म्हणजे हुकूम उठेपर्यंत पाळावाच लागतो. 'माझं कॅव्हेट होतं' म्हणून तो मोडू नका, अवमानाचे प्रकरण अंगावर येईल. त्याच न्यायालयात लगेच अर्ज करा, कॅव्हेटचा क्रमांक, दिनांक आणि टपालाची पावती जोडा आणि हुकूम मागे घेण्याची विनंती करा. कॅव्हेटची चालू नोंद समोर आली की न्यायालय त्याची दखल घेते. अपिलाचा मार्गही आहेच.

९० दिवस कसे मोजायचे?

कॅव्हेट दाखल झाल्याच्या दिनांकापासून, टपाल पोचल्यापासून नाही. दाखल झाल्याचा दिवस सोडून पुढून मोजा. ३ जूनला कॅव्हेट दाखल केले, तर जूनचे २७ दिवस, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१ मिळून ८९ झाले. नव्वदावा दिवस १ सप्टेंबर. 'तीन महिने' म्हणून ३ सप्टेंबरपर्यंत निश्चिंत राहिलात, तर मधले दोन दिवस तुम्ही उघड्यावर आहात.

या ९० दिवसांत सामनेवाल्याचा अर्ज आला, तर पुढे मुदतीचा प्रश्न उरत नाही. त्या अर्जापुरते कॅव्हेट टिकते.

मुदत वाढवून मिळते का?

वाढ किंवा नूतनीकरण ही सोय कलमातच नाही. नवे कॅव्हेट टाकायचे, नवी नोटीस पाठवायची, नवा क्रमांक घ्यायचा. जुने संपण्याच्या आठ-दहा दिवस आधी नवे दाखल झालेले असावे, म्हणजे हरकती निघाल्या तरी खंड पडत नाही.

मुदत संपू दिल्याची एक मोठी किंमत पेटंटच्या इतिहासात नोंदलेली आहे. अमेरिकेत पूर्वी शोध पूर्ण होण्याआधी पेटंट कार्यालयात कॅव्हेट नोंदवता येई, ते एक वर्ष चाले आणि पैसे भरून पुढे चालवावे लागे. अंतोनिओ मेउच्ची यांनी तारेवरून आवाज पाठवण्याच्या आपल्या यंत्रासाठी १८७१ मध्ये असे कॅव्हेट नोंदवले. १८७४ नंतर ते पुढे चालवले गेले नाही, आणि १८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना मिळाले. अमेरिकेतली ही सोय १९१० मध्ये बंद झाली.

कॅव्हेटनंतर सामनेवाल्याने अर्ज केला. आता काय?

न्यायालयाची नोटीस येते, किंवा समोरचे वकील अर्जाची प्रत देऊन तारीख आणि वेळ कळवतात. प्रतींचा खर्च मागितला तर लगेच द्या, तो तुमच्यावरच आहे. त्यावरून वेळ दवडू नका. ठरल्या वेळी हजर राहा आणि आपला 'से', म्हणजे लेखी म्हणणे, दाखल करा. तयारीला वेळ मागता येतो. पण न्यायालय मधल्या काळासाठी 'जैसे थे'चा हुकूम देऊ शकते, म्हणून निदान मुख्य कागद पहिल्याच दिवशी हातात हवेत: सातबारा, करार, बांधकामाची परवानगी, फोटो. नोटीस मिळूनही तुम्ही गेला नाहीत, तर न्यायालय तुमच्या गैरहजेरीत हुकूम करू शकते आणि मग कॅव्हेटची ढाल उरत नाही.

समोरच्याने अंतरिम अर्ज न करता नुसता दावा दाखल केला, तर कॅव्हेटचे काम पडत नाही. तुम्हाला नेहमीचे समन्स येईल आणि ते बजावल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागेल.

कॅव्हेटचा तोटा काही आहे का?

आहे, आणि दाखल करण्याआधी तो तोलावा. समोरच्याला कळते की तुम्हाला दाव्याची धास्ती आहे, कोणत्या मिळकतीबाबत आहे आणि तुम्ही कोणते न्यायालय धरून चालला आहात. ज्याच्या मनात दावा नव्हता, त्यालाही ही नोटीस वकिलाकडे नेते. तुम्हीच आधी दाद मागण्याच्या स्थितीत असाल, तर कॅव्हेटमध्ये आठवडा घालवण्यापेक्षा दावा तयार करणे बरे.

फौजदारी प्रकरणात कॅव्हेट चालते का?

कलम १४८-अ फक्त दिवाणी कामकाजाला लागू आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मध्ये तशी तरतूद नाही. 'माझ्याविरुद्ध गुन्हा नोंदवण्याआधी मला ऐका,' असे कॅव्हेट पोलिसांकडे टाकता येत नाही. अटकेची भीती असेल तर मार्ग अटकपूर्व जामिनाचा. रिट याचिकांचे वेगळे आहे. उच्च न्यायालये आपापल्या नियमांनुसार आणि प्रथेनुसार त्यांत कॅव्हेट स्वीकारतात.

मृत्युपत्राच्या प्रकरणातले कॅव्हेट वेगळे असते का?

पूर्ण वेगळे. ते भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २८४ खाली येते. प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला) किंवा प्रशासनपत्र (मृताच्या मालमत्तेचा कारभार पाहण्याचा अधिकार) देण्यास हरकत असणारा ते दाखल करतो. नमुना त्या कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत आहे, आणि त्याचा आशय एका वाक्यात मावतो: अमुक मृत व्यक्तीच्या मालमत्तेबाबत मला कळवल्याशिवाय काही करू नये. कलम २८५ प्रमाणे कॅव्हेटरला नोटीस दिल्याशिवाय अर्जावर पुढचे कामकाज होत नाही. वाद उभा राहिला की प्रकरण दाव्यासारखे चालते, पुरावा होतो, साक्षीदार तपासले जातात. मुंबई उच्च न्यायालयात कॅव्हेटच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्र आठ दिवसांत द्यावे लागते. तिथे उशीर झाला तर हरकतच बाद होण्याची पाळी येते.

इथे हितसंबंध कसोटीला लागतो. मृत्युपत्र बाजूला पडले तर मालमत्तेत तुम्हाला काही मिळणार आहे का? सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये कृष्णकुमार बिर्ला विरुद्ध राजेंद्रसिंह लोढा प्रकरणात या मुद्द्याची सविस्तर चर्चा केली. मालमत्ता मृताची नव्हतीच, ती माझी आहे, असे म्हणणाऱ्याने मालकीचा दावा वेगळा करावा. प्रोबेटच्या कामात तो प्रश्न सुटत नाही.

दुय्यम निबंधकाकडे कॅव्हेट दिले तर जमिनीची विक्री थांबेल का?

नाही. परदेशी माहिती वाचून हा घोळ होतो. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत जमिनीच्या मालकीची नोंद सरकारी नोंदवहीत पक्की असते, आणि तिथे त्या नोंदीवरच कॅव्हेट चढवता येते. ते असेपर्यंत विक्रीची नोंद सहसा अडते. आपल्याकडे दस्तनोंदणीची रचना तशी नाही. विक्री अडवायची तर दावा, मनाई, आणि दावा प्रलंबित असल्याच्या नोटिशीची नोंदणी हा रस्ता. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस खरेदीदाराला सावध करते, पण दस्त थांबवत नाही.

मला कोणीतरी कॅव्हेटची नोटीस पाठवली आहे. मी काय करावे?

घाबरू नका, तुमच्यावर केस झालेली नाही आणि उत्तर देणे बंधनकारक नाही. पाकीट नाकारू मात्र नका. योग्य पत्त्यावर पाठवलेले नाकारलेले टपाल बजावले गेले असेच सहसा धरले जाते. पाकीट आणि त्यावरचा शिक्का जपा, कॅव्हेटचा क्रमांक आणि दाखल झाल्याचा दिनांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर शोधून नव्वदावा दिवस काढून ठेवा.

तुम्हाला खरेच अर्ज करायचा असेल, तर कॅव्हेट मिळाल्याचे अर्जात लिहा. ते दडवून एकतर्फी हुकूम मिळवलात, तर पुढच्या तारखेला तीच लपवाछपवी तुमच्या अंगावर येते आणि मूळ बाजू कितीही भक्कम असली तरी न्यायालयाचा विश्वास उडतो. अर्जाची आणि कागदांची प्रत कॅव्हेटरला द्या आणि दिल्याची पोच फाइलला लावा. उद्या सकाळी भिंत पडणार आहे अशी तातडी असेल, तर प्रत हातोहात, ई-मेलने आणि फोनवर कळवून द्या. केव्हा, कोणाला, कसे कळवले याचे प्रतिज्ञापत्र जोडा आणि त्याच दिवशी सुनावणी मागा. नोटीस पोचल्याचे दिसले की न्यायालय त्याच दिवशी हुकूम देऊ शकते, कॅव्हेटर आला असो वा नसो.